षट्कर्णी होऊनही न फुटणारे गुपित

एखादी गोष्ट षट्कर्णी झाली, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या कानी गेली, की ती गुपित राहत नाही, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. अनुभवही बहुधा तसाच असतो. मात्र आधुनिक कूटशास्त्रात, म्हणजे क्रिप्टोग्राफीत, अशी एक शाखा आहे की जिच्यात गुपित टिकावे म्हणूनच ते अनेकांना वाटून दिले जाते. पाच जणांना पाच वाटे द्यावेत, त्यांपैकी कोणतेही तिघे एकत्र आले तर गुपित पूर्ण उलगडावे आणि दोघेच आले तर त्यांच्या हाती काहीही लागू नये, अशी ही योजना असते. इंग्रजीत तिला 'सीक्रेट शेअरिंग' म्हणतात. मराठीत गुपितवाटप म्हणता येईल. इंटरनेटवरील नावांच्या व्यवस्थेची मूळ किल्ली, आभासी चलनाच्या तिजोऱ्या आणि ऑनलाइन निवडणुकांतील मतपेट्या अशा अनेक ठिकाणी या गणिताचा उपयोग होतो.

दोन परस्परविरोधी भीती

कोणत्याही मौल्यवान गुपिताला दोन बाजूंनी धोका असतो. पहिला चोरीचा आणि दुसरा हरवण्याचा. गुपित एकाच माणसाजवळ ठेवले तर चोरीची शक्यता कमी होते. पण तो माणूस आजारी पडला, विसरला किंवा मरण पावला तर गुपितही त्याच्याबरोबर जाते. जानेवारी २०२१ मध्ये अशाच एका प्रोग्रॅमरची हकिगत जगभरच्या वृत्तपत्रांत आली होती. ७,००२ बिटकॉइनची किल्ली त्याने एका सुरक्षित पेनड्राइव्हमध्ये ठेवली होती आणि त्या पेनड्राइव्हचा सांकेतिक शब्द लिहिलेला कागद हरवला होता. दहा वेळा चुकीचा शब्द दिल्यास आतील माहिती कायमची बंद होणार होती आणि त्यांपैकी आठ प्रयत्न संपलेले होते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे गुपिताच्या प्रती काढून त्या चार जणांकडे ठेवणे. त्यामुळे हरवण्याची भीती जाते. मात्र चोरीची भीती चौपट होते, कारण चौघांपैकी एक जरी फितूर झाला तरी सारे संपले. दुसरा उपाय गुपिताचे तुकडे करण्याचा. सोळा अंकी संकेतांकाचे चार-चार अंकांचे चार तुकडे करून ते चौघांना दिले, तर वरकरणी काम झाल्यासारखे वाटते. पण त्यांतील तिघांनी संगनमत केले तर त्यांना उरलेले चारच अंक ओळखायचे असतात. त्यासाठी जास्तीत जास्त १०,००० प्रयत्न पुरतात आणि संगणकाला तेवढ्यासाठी क्षणभरही लागत नाही. उलट किल्ली खूप लांब असेल आणि चौघांपैकी एकाचा तुकडा गहाळ झाला, तर प्रामाणिक तिघांनाही ती पुन्हा जुळवता येत नाही. म्हणजे ही पद्धत दोन्ही बाजूंनी लंगडी ठरते.

व्यवहारात या अडचणीवर जुना तोडगा आहे तो दुहेरी किल्लीचा. बँकेतील लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्याही दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात. दोघांपैकी दोघेही हवेत, एवढीच अट असेल तर ही पद्धत चांगली चालते. पण 'अनेकांपैकी काही जण, मग ते कोणतेही असोत' अशी अट आली की कुलूपकिल्ल्यांचा हिशेब हाताबाहेर जातो.

अकरा शास्त्रज्ञ आणि ४६२ कुलुपे

हा हिशेब किती हाताबाहेर जातो, हे दाखविणारे एक कोडे सी. एल. ल्यू यांच्या १९६८ मधील संयोगगणितावरील पाठ्यपुस्तकात आहे. अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त प्रकल्पावर काम करीत आहेत. कागदपत्रांचे कपाट निदान सहा जण हजर असतील तरच उघडावे, अशी त्यांची इच्छा आहे. तर कपाटाला कमीत कमी किती कुलुपे लागतील आणि प्रत्येकाला किती किल्ल्या बाळगाव्या लागतील?

उत्तराची वाट अशी आहे. कोणतेही पाच जण आले तरी एक तरी कुलूप बंद राहिले पाहिजे. आणि उरलेल्या सहांपैकी कोणीही आला की ते उघडले पाहिजे. म्हणजे पाच जणांच्या प्रत्येक गटासाठी एक स्वतंत्र कुलूप हवे. अकरांतून पाच जण निवडण्याचे ४६२ प्रकार होतात, म्हणून कुलुपे ४६२. प्रत्येक शास्त्रज्ञाकडे, तो ज्या गटांत नाही त्या सर्व गटांच्या कुलुपांच्या किल्ल्या हव्यात. त्या भरतात २५२. अकरा माणसांची ही स्थिती असेल, तर माणसे वाढली की कपाटाला दारापेक्षा कुलुपेच मोठी होणार हे उघड आहे. गुपितवाटपाचे गणित जन्माला आले ते या गैरसोयीवर तोड म्हणून.

एकाच वर्षातील दोन उत्तरे

१९७९ मध्ये दोन गणितज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा प्रश्न सोडविला. त्यांतील एक अमेरिकेतील जॉर्ज ब्लेकली आणि दुसरे इस्रायली संगणकशास्त्रज्ञ अदी शमीर. शमीर हे आरएसए या सुप्रसिद्ध कूटपद्धतीच्या तीन जनकांपैकी एक असून, त्या कामासाठी रिव्हेस्ट आणि एडलमन यांच्यासह त्यांना २००२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गुपितवाटपावरील त्यांचा १९७९ मधील निबंध अवघ्या दोन पानांचा आहे.

ब्लेकली यांची कल्पना खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिले की ध्यानात येते. दोन भिंती आणि जमीन अशी तीन प्रतले जेथे मिळतात तो कोपरा म्हणजे एकच बिंदू. गुपित हा तो बिंदू मानला आणि प्रत्येकाला त्या बिंदूतून जाणारे एकेक प्रतल दिले, तर तिघे एकत्र आल्यावर बिंदू निश्चित होतो. दोघांचीच प्रतले असतील तर त्यांच्या हाती फक्त एक रेषा येते आणि गुपित त्या रेषेवर नेमके कोठे आहे ते कळत नाही.

शमीर यांची कल्पना शाळेतील आलेखाच्या वहीवर मांडता येईल इतकी साधी आहे. दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते. एकाच बिंदूतून मात्र अगणित रेषा जातात. गुपिताची संख्या उभ्या अक्षावर मांडायची, तिच्यातून स्वैर चढाची एक रेषा काढायची आणि रेषेवरील निरनिराळे बिंदू लोकांना वाटायचे. कोणतेही दोघे आले की रेषा ठरते, आणि ती उभ्या अक्षाला जेथे छेदते ते गुपित. तिघांची अट हवी असेल तर रेषेऐवजी अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, घ्यायचा. त्याला ठरविण्यासाठी तीन बिंदू लागतात. चौघांसाठी तिसऱ्या कोटीची बहुपदी, पाचांसाठी चौथ्या कोटीची, असा हा क्रम कितीही वाढविता येतो. बिंदूंवरून बहुपदी शोधण्याची रीत अठराव्या शतकातील गणितज्ञ लग्रांज यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे गणित जुने आहे; त्याचा उपयोग नवा.

९७ च्या घड्याळातील उदाहरण

या पद्धतीचे छोटे रूप हाताने करून पाहता येते. समजा, गुपित आहे २५ आणि ते तिघांना असे वाटायचे आहे की कोणतेही दोघे ते उघडू शकतील. रेषेचा चढ चिठ्ठी उचलल्याप्रमाणे स्वैरपणे निवडला, तो निघाला ८८. मग पहिल्याचा वाटा २५ अधिक ८८ म्हणजे ११३, दुसऱ्याचा २०१ आणि तिसऱ्याचा २८९.

येथे मात्र एक भोक राहते. दुसऱ्याच्या वाट्यात चढ दोनदा मिळविलेला आहे आणि चढाची दुप्पट नेहमी समच असते. २०१ ही विषम संख्या आहे, तेव्हा मूळ गुपितही विषमच असणार, हे त्याला एकट्याला कळते. गुपिताच्या निम्म्या शक्यता अशा फुकटात बाद होतात. ही गळती थांबविण्यासाठी सारा हिशेब घड्याळाप्रमाणे केला जातो. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी पंधरा न वाजता तीन वाजतात. बारा झाले की मोजणी पुन्हा सुरू होते. त्याचप्रमाणे येथे एखादी मूळ संख्या ठरवून, तिने भागल्यावर उरणारी बाकीच फक्त ठेवायची. ९७ ही मूळ संख्या घेतली तर ११३, २०१ आणि २८९ यांच्या जागी अनुक्रमे १६, ७ आणि ९५ येतात. हेच तिघांचे खरे वाटे.

आता पहिला आणि दुसरा एकत्र आले, तर पहिल्या वाट्याच्या दुपटीतून दुसरा वजा करायचा : ३२ वजा ७, म्हणजे २५. दुसरा आणि तिसरा आले, तर दुसऱ्याच्या तिपटीतून तिसऱ्याची दुप्पट वजा करायची : २१ वजा १९०, म्हणजे उणे १६९, त्यात ९७ दोनदा मिळविले की पुन्हा २५. पहिला आणि तिसरा आले, तर पहिल्याच्या तिपटीतून तिसरा वजा करून निम्मे करायचे : ४८ वजा ९५ म्हणजे उणे ४७, त्यात ९७ मिळवून ५०, आणि त्याचे निम्मे २५. कोणत्याही जोडीने उत्तर एकच येते. प्रत्यक्ष वापरात ९७ च्या जागी शेकडो बिटांची प्रचंड संख्या असते, एवढाच फरक.

एकट्याचे अज्ञान

या योजनेचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. ज्याच्याकडे फक्त १६ हा वाटा आहे, त्याने ० पासून ९६ पर्यंत कोणतेही गुपित मनात धरले तरी त्या गुपितातून आणि त्याच्या बिंदूतून जाणारी एक रेषा असतेच, आणि ती एकच असते. म्हणजे वाटा हाती येण्यापूर्वी ९७ शक्यता होत्या आणि वाटा आल्यानंतरही तितक्याच आहेत. त्याला जे कळले ते शून्य.

आरएसएसारख्या कूटपद्धतींची सुरक्षितता एखादे गणित सोडविण्यास फार वेळ लागतो यावर अवलंबून असते. संगणक वेगवान झाले किंवा नवी युक्ती सापडली की त्या पद्धती कमकुवत होऊ शकतात. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला तर आरएसए मोडता येईल, हे १९९४ पासून ठाऊक आहे. शमीर यांच्या वाटपाला ही भीती नाही. येथे शत्रूजवळ वेळ कमी नसतो, माहितीच कमी असते. आणि जी माहिती वाट्यात नाहीच ती कोणताही संगणक काढू शकत नाही. अर्थात त्यासाठी एक अट आहे. रेषेचा चढ खरोखरच स्वैर निवडलेला हवा. तो कोणी अंदाजाने ओळखू शकला तर एकच वाटा पुरेसा होतो.

आकडा कोणता धरावा?

किती जणांना वाटे द्यावेत आणि त्यांपैकी किती जण पुरेसे मानावेत, हे गणित सांगत नाही. ते वापरणाऱ्याने ठरवायचे असते. या निर्णयाचा हिशेब सोपा आहे. पाचांपैकी तिघे पुरेसे असतील, तर दोघे फितूर झाले तरी गुपित फुटत नाही आणि दोन वाटे नष्ट झाले तरी ते हरवत नाही. म्हणजे पुरेशा संख्येहून एक कमी इतके फितूर चालतात, आणि एकूण वाट्यांतून पुरेशी संख्या वजा केली की उरते तितके वाटे हरवलेले चालतात. एक आकडा वाढविला की दुसरा घटतो. शमीर यांनी आपल्या निबंधात दोन्ही बाजू समतोल राखणारी रचना सुचविली आहे : तिघांपैकी दोघे, पाचांपैकी तिघे, सातांपैकी चौघे.

सर्वांचा अधिकार सारखाच हवा असेही नाही. त्याच निबंधात कंपनीच्या धनादेशावरील सहीचे उदाहरण आहे. तीन वाटे पुरेसे ठरवून अध्यक्षाला तीन, उपाध्यक्षांना प्रत्येकी दोन आणि इतर अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक वाटा दिला, तर अध्यक्ष एकटा सही करू शकतो. इतरांपैकी कोणतेही तीन अधिकारी, अथवा एक उपाध्यक्ष आणि एक अधिकारी मिळूनही काम भागवू शकतात.

इंटरनेटच्या मुळाशी

या हिशेबाचे ठळक उदाहरण इंटरनेटच्या नावव्यवस्थेत आढळते. संकेतस्थळाचे नाव टाइप केल्यावर त्याचा क्रमांक शोधून देणारी जी यंत्रणा आहे, तिच्यातील उत्तरे खरी आहेत की कोणी मध्येच बदलली आहेत, हे तपासण्यासाठी डिजिटल सह्यांची साखळी वापरतात. या साखळीचे अगदी वरचे टोक म्हणजे मूळ किल्ली. जुलै २०१० मध्ये ती वापरात आली. आयकॅन या संस्थेच्या देखरेखीखाली अमेरिकेतील कल्पेपर आणि एल सेगुंडो या दोन ठिकाणी ती विशेष यंत्रांत ठेवलेली असते आणि साधारणपणे दर तीन महिन्यांनी एक विधी करून तिच्याने सह्या केल्या जातात. या विधीचे थेट प्रक्षेपणही होते.

२०१० साली आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक ठिकाणासाठी निरनिराळ्या देशांतील सात विश्वासू व्यक्ती नेमण्यात आल्या. यंत्र सुरू करण्यासाठी त्यांपैकी किमान तिघांची स्मार्ट कार्डे लागतात. याखेरीज आणखी सात जणांकडे वेगळे वाटे देण्यात आले. दोन्ही ठिकाणची यंत्रे निकामी झाली तर राखीव प्रत उघडण्यासाठी या सातांपैकी पाच जण लागतील, अशी ती योजना होती. दोन आकड्यांतील फरक अर्थपूर्ण आहे. दर तीन महिन्यांचे काम कोणी आले नाही म्हणून अडू नये, यासाठी सातांपैकी तीन. चौघे गैरहजर राहिले तरी चालते. राखीव प्रत मात्र क्वचितच, कदाचित कधीच लागणार नाही. तेथे घाईपेक्षा गुप्तता महत्त्वाची, म्हणून सातांपैकी पाच. तेथे चौघांनी कट केला तरी तो फसतो. 'सात जणांच्या हाती इंटरनेटच्या किल्ल्या' अशा मथळ्यांतून जो समज पसरला, तो मात्र खरा नाही. या व्यक्ती इंटरनेट चालू अथवा बंद करू शकत नाहीत. नावांच्या यादीवरील सहीचे अधिकार कोणा एकाच्या हाती जाऊ नयेत, एवढेच त्यांचे काम.

प्रत्यक्ष जगाची अडचण मात्र गणिताला चुकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडो येथील एका तिजोरीचे कुलूपच बिघडले आणि विधी चार दिवस पुढे गेला. पाठोपाठ करोनाची साथ आली आणि विमानप्रवास थांबला. तेव्हा एप्रिल २०२० च्या विधीसाठी विश्वासू व्यक्तींनी आपल्या पेट्यांच्या किल्ल्या मोहोरबंद पिशव्यांतून पाठविल्या, संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी त्या वापरल्या आणि तीनऐवजी नऊ महिन्यांच्या सह्या एकदम करून ठेवण्यात आल्या. माणसे वेगवेगळी ठेवण्यामागील मूळ हेतूला त्या दिवशी मुरड घालावी लागली. पण ती सर्वांसमक्ष घातली गेली.

तज्ज्ञांची हरवलेली किल्ली

आकडा चुकीचा निवडला तर काय होते, याचे उदाहरण २०२५ मध्ये कूटशास्त्रज्ञांच्याच घरी घडले. या विषयातील संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसीआर आपल्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक हेलिओस या ऑनलाइन प्रणालीवर घेते. मते कूटबद्ध स्वरूपात साठतात आणि मोजणीची किल्ली तीन विश्वस्तांमध्ये विभागलेली असते. दोन विश्वस्तांनी संगनमत केले तरी मतांची गुप्तता भंगू नये, म्हणून तिघांचेही भाग आवश्यक ठेवले होते. मतदान संपले आणि तिघांपैकी एका विश्वस्ताकडून त्याचा भाग कायमचा हरवला असल्याचे उघड झाले. मते सुरक्षित होती, इतकी सुरक्षित की ती आता कोणालाच वाचता येणार नव्हती. संघटनेने निवडणूक नव्याने घेतली आणि यापुढे तिघांपैकी दोन भाग पुरेसे राहतील, असे ठरविले.

यात कूटपद्धत मोडली नाही, कोणी हल्ला केला नाही, गणितही चुकले नाही. तिघांपैकी तिघे या रचनेत दोन फितूर चालतात, पण हरवलेला एकही भाग चालत नाही. फितुरीची भीती ज्यांनी बारकाईने मोजली, त्यांनी विस्मरणाची भीती शून्य धरली होती. नव्या रचनेत एक फितूर आणि एक विसराळू असे दोन्ही चालतात.

खोटा वाटा आणि जुना वाटा

शमीर यांच्या मूळ योजनेत सर्व जण खरा वाटा पुढे करतील असे गृहीत धरलेले आहे. वरच्याच उदाहरणात दुसऱ्याने ७ ऐवजी ८ सांगितले, तर उत्तर २५ ऐवजी २४ येईल. पहिला फसेल, पण आपण एक वाढवून सांगितला हे दुसऱ्याला ठाऊक असल्याने खरे गुपित २५ आहे हे तो एकटा मनातल्या मनात काढील. हा दोष टोम्पा आणि वोल यांनी १९८० च्या दशकात दाखविला. वाटा खरा आहे की खोटा हे गुपित न उघडता तपासता यावे, अशा पडताळणीयोग्य योजना १९८५ पासून पुढे आल्या. वाटणाऱ्यानेच लबाडी केली तर तीही त्यांतून पकडता येते.

दुसरी अडचण काळाची. गुपित वीस वर्षे जपायचे असेल, तर चोराला आज एक आणि पाच वर्षांनी दुसरा वाटा मिळू शकतो. यावर १९९५ मध्ये सुचविलेला उपाय म्हणजे गुपित तेच ठेवून वाटे ठरावीक काळाने बदलणे. त्यासाठी शून्यातून जाणारी एक नवी स्वैर रेषा घ्यायची आणि तिचे बिंदू जुन्या वाट्यांत मिळवायचे. वरच्या उदाहरणात नव्या रेषेचा चढ १० घेतला, तर १६, ७ आणि ९५ यांचे २६, २७ आणि २८ होतात. नव्या दोन वाट्यांतून २५ हेच उत्तर येते : ५२ वजा २७. पण चोराने पहिल्याचा जुना वाटा १६ आणि दुसऱ्याचा नवा वाटा २७ जोडला तर त्याच्या हाती येते ५. जुने वाटे प्रामाणिकपणे नष्ट केले, तर आधीची चोरी निरुपयोगी ठरते.

न उघडता हिशेब

वाट्यांचा आणखी एक गुण असा की त्यांची बेरीज करता येते. तिघा मित्रांना एकमेकांचा पगार न कळता सरासरी काढायची आहे, असे समजा. ज्याचा पगार ४०,००० आहे तो त्याचे ९१,०००, उणे ७३,००० आणि २२,००० असे तीन स्वैर भाग करतो; एक स्वतःजवळ ठेवतो आणि उरलेले दोन त्या दोघांना देतो. इतरही तसेच करतात. प्रत्येकाने आपल्याकडे आलेल्या भागांची बेरीज तेवढी जाहीर करायची. तीन बेरजांची बेरीज म्हणजे तिघांच्या पगारांची बेरीज. सुटा पगार कोणाचाच कळत नाही. या प्राथमिक युक्तीपासून पुढे जाऊन, गुपिते वाटलेल्या अवस्थेत असतानाच त्यांच्यावर कोणतेही गणित करता येते, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले.

जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली गेली. साखरेच्या बीटच्या उत्पादनाचे हक्क शेतकऱ्यांमध्ये लिलावाने फिरवायचे होते. सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी बोली लावली. बोलीवरून शेतकऱ्याची आर्थिक स्थिती कळते आणि बीट विकत घेणारी कंपनी देशात एकच होती. तिला ही माहिती कळू नये, अशी शेतकऱ्यांची इच्छा होती. म्हणून प्रत्येक बोलीचे वाटे करण्यात आले. कंपनी, शेतकऱ्यांची संघटना आणि संशोधकांचा गट अशा तिघांच्या संगणकांनी मिळून लिलावाचा भाव ठरविला. सुट्या बोली तिघांपैकी कोणीही पाहिल्या नाहीत.

जेथे गणित थांबते

गुपितवाटप हा सर्व धोक्यांवरचा इलाज नव्हे. वाटे करताना गुपित एकदा एका ठिकाणी असते आणि जोडताना पुन्हा एका ठिकाणी येते. त्या क्षणी तो संगणकच दूषित असेल तर पाच खंडांत पाच तिजोऱ्या ठेवूनही उपयोग नाही. त्यामुळे किल्ली कधीच न जोडता, प्रत्येकाने आपल्या वाट्याने सहीचा एकेक अंश करावा आणि अंश जुळून पूर्ण सही तयार व्हावी, अशा पद्धती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित झाल्या. आज आभासी चलनाच्या मोठ्या ठेवी सांभाळताना त्यांचा वापर होतो.

उरतो तो माणसांचा प्रश्न. पाच वाटे पाच जणांना दिले, पण पाचही जण एकाच कचेरीत एकाच कपाटात ते ठेवत असतील, तर कागदावरचे पाच प्रत्यक्षात एकच असतात. तिघे एकाच वरिष्ठाचा शब्द मोडू शकत नसतील, तर तिघांची अट नावापुरतीच उरते. वाटे कोणाकडे आहेत हेच कुटुंबात किंवा संस्थेत कोणाला माहीत नसेल, तर गुपित गणिताच्या दृष्टीने जिवंत आणि व्यवहारात मृत असते. म्हणूनच वाटे घेणारी माणसे वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या हितसंबंधांची असावीत, ठरावीक काळाने वाटे जोडून पाहण्याची रंगीत तालीम व्हावी आणि एखादा वाटा हरवल्याचे कळताच नव्याने वाटप व्हावे, हे दंडक गणिताइतकेच महत्त्वाचे ठरतात. किती जणांवर अविश्वास दाखवायचा आणि किती जणांच्या चुका पोटात घालायच्या, हे दोन आकडे आधी ठरले पाहिजेत. तेवढे माणसांनी प्रामाणिकपणे ठरविले, तर त्यापुढचे काम दोन बिंदूंतून जाणारी एक रेषाही चोख बजावते.